एका ‘नाही’चे मोल
(चित्रपटांतील न्यायालये आणि इतिहासातील न्यायालये)

न्यायालयाचे चित्रपट लोकांना इतके का आवडतात, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील की त्यांत रहस्य असते. खून कोणी केला हे शेवटपर्यंत कळत नाही, वकिलांची जुगलबंदी रंगते, आणि अखेरीस एखादा साक्षीदार पिंजऱ्यात कोसळून सारे कबूल करून टाकतो. हे उत्तर खोटे नव्हे. पण अपुरे आहे. रहस्य एकदा कळले की त्याची गोडी सरते. तरीही न्यायालयाचे काही चित्रपट असे आहेत की ज्यांचा शेवट पाठ असूनही माणूस ते पुन्हा पुन्हा पाहतो. तेव्हा त्यांचे मोठेपण खुनी सापडण्यात नसून आणखी कशात तरी असले पाहिजे. ते कशात आहे, याचा शोध आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आरंभीच सांगितलेले बरे की मी चित्रपटांचा समीक्षक नव्हे आणि वकीलही नव्हे. कामगार संघटनेचे काम करीत आलो. शाळा लवकर सुटली. कायदा जो काही कळला तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, पुकाऱ्याची वाट पाहता पाहता. आणि इतिहास वाचला तो सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्यामुळे माझी दृष्टी एकांगी असण्याचा संभव आहे. पण व्हरांड्यात बसणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर उमगते. न्यायालयात ‘होय’ म्हणणारे पुष्कळ असतात. सगळे कसे सुरळीत चाललेले असते. अशा वेळी एखादाच माणूस म्हणतो, “नाही, थांबा, हे एकदा नीट ऐकून घेऊ.” त्या एका ‘नाही’ला किती जागा आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते. माझ्या समजुतीप्रमाणे न्यायालयाचे उत्तम चित्रपट हे या ‘नाही’चे चित्रपट आहेत. कोठे तो आरोपीचा आहे, कोठे पंचाचा, कोठे न्यायाधीशाने न उच्चारलेला. एकेक घेऊ.

पहिला चित्रपट मूकपट आहे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. न्यायालय म्हणजे बोलण्याचे ठिकाण. तेथे मूकपटाचे काय काम? पण कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाने १९२८ साली फ्रान्समध्ये ‘जोन ऑफ आर्क’ची कथा पडद्यावर आणली ती केवळ चेहऱ्यांच्या बळावर. मूळ इतिहास आपणांस ठाऊक आहे. १४३१ साली रूआं या गावी एकोणीस वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या मुलीवर पाखंडाचा खटला चालला. समोर बिशप कोशों आणि त्याचे विद्वान धर्मपंडित. मुलीच्या बाजूस वकील नाही. २४ मे रोजी चितेची भीती घालून तिच्याकडून आपले म्हणणे मागे घेतल्याच्या कागदावर खूण करून घेण्यात आली. जीव वाचला, जन्मठेप झाली. चारच दिवसांनी तिने ती कबुली परत घेतली आणि ३० मे रोजी तिला जाळण्यात आले.

ड्रायरने आपली कथा खटल्याच्या जुन्या कागदपत्रांवरूनच रचली. महिनोन्‌महिने चाललेली चौकशी एका दिवसात बसवली एवढेच. फाल्कोनेत्ती या नटीचा चेहरा रंगरंगोटीविना, पडदाभर मोठा असा आपण पाहत राहतो. प्रश्न विचारणारे चेहरे बदलतात, पण हा चेहरा जागचा हलत नाही. तिने कबुली परत घेतली त्या क्षणी तिला माहीत असते की आता सुटका नाही. आरोपीचा ‘नाही’ इतका महाग असतो. कारखान्यात ‘चूक झाली’ असे लिहून दे, म्हणजे कामावर घेतो, अशा कागदासमोर बसलेला माणूस ज्याने पाहिला आहे त्याला हा प्रसंग पंधराव्या शतकातला वाटत नाही.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जोनचा खटला अन्यायाचा होता, पण त्याचे टिपण झाले होते. लेखनिकांनी प्रश्नोत्तरे लिहून ठेवली म्हणून पुढे चौकशी होऊन १४५६ साली तो निवाडा रद्द ठरवता आला, आणि पाच शतकांनंतर चित्रपटही निघाला. ज्या न्यायालयात नोंद राहते तेथे हरलेल्यालाही काळापुढे दाद मागता येते. खुद्द या चित्रपटाचे नशीबही तसेच. त्याची मूळ प्रत आगीत गेली, आणि १९८१ साली नॉर्वेतील एका मनोरुग्णालयात जुनी प्रत अवचित सापडली.

आता पंचाच्या ‘नाही’कडे वळू. सिडनी ल्यूमेट या दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट, ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’, १९५७ साली अमेरिकेत निघाला. रेजिनाल्ड रोझ याने १९५४ साली दूरचित्रवाणीसाठी लिहिलेले हे नाटक. हेन्री फोंडाने त्यात मुख्य काम केले आणि निर्मितीचा भारही उचलला. चित्रीकरण तीन आठवड्यांच्या आत उरकले. जवळजवळ सारा चित्रपट एका खोलीत घडतो. उन्हाळ्याचा दिवस, पंखा बंद, आणि बारा पंच. बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या अठरा वर्षांच्या एका गरीब मुलाचा जीव त्यांच्या हाती आहे. निर्णय एकमताने व्हावयास हवा. पहिल्या मतदानात अकरा जण ‘दोषी’ म्हणतात. आठव्या क्रमांकाचा पंच एकटा ‘नाही’ म्हणतो.

मुलगा निर्दोष आहे असे तो म्हणत नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. तो म्हणतो, मला माहीत नाही. पण एका मुलाला मरणाकडे धाडण्यापूर्वी थोडे बोलू या. पुढचा दीड तास हे बोलणे म्हणजेच चित्रपट. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याने पंधरा सेकंदांत दारापर्यंत येऊन मुलाला पळताना पाहिले म्हणे. तो लंगडा म्हातारा इतक्या वेळात चालू शकेल का? खोलीतच अंतर मोजून, पाय ओढत चालून पाहतात. चाळीस सेकंदांच्या वर लागतात. खिडकीबाहेरून आगगाडी धडधडत जात असता आरोळी ऐकू येईल का? साक्षीदार बाईच्या नाकावर चष्म्याचे वळ होते; मग रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिने चष्मा लावला होता का? यांतला एकही प्रश्न पांडित्याचा नाही. घरोघरीचे प्रश्न आहेत. बचावाच्या वकिलाने ते विचारले नाहीत, कारण नेमून दिलेल्या वकिलाला त्या मुलात रस नव्हता.

ल्यूमेटची कारागिरी डोळ्यांवर येत नाही, हीच तिची थोरवी. आरंभी कॅमेरा माणसांच्या डोक्यावरून पाहतो, मग डोळ्यांच्या पातळीवर येतो, शेवटी खालून. भिंगेही हळूहळू अशी बदलली आहेत की भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात आणि छत दिसू लागते. खोली तीच, पण आपला जीव गुदमरतो.

आमच्या संघटनेच्या कचेरीत एकदा याच कथेवरचा बासू चटर्जींचा हिंदी चित्रपट, ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६), दाखवला होता. नंतर चर्चा झाली. आठव्या पंचाच्या हुशारीचे कौतुक चालले असता मागे बसलेले एक वयस्क जॉबर म्हणाले, “साहेब, तो काही फार शहाणा नाही. त्याला घरी जायची घाई नाही, एवढंच.” मी पुष्कळ समीक्षा वाचली, पण इतके नेमके वाक्य मला आढळले नाही. चित्रपटात एका पंचाच्या खिशात बेसबॉलच्या सामन्याची तिकिटे आहेत. सामना चुकू नये म्हणून तो आधी ‘दोषी’ म्हणतो आणि वारे फिरल्यावर त्याच कारणासाठी ‘निर्दोष’ म्हणतो. तेव्हा त्याला खडसावतो तो आठवा पंच नव्हे, तर परदेशातून येऊन स्थायिक झालेला एक घड्याळजी. तुझे मत आमच्या बाजूस आले तरी ते आम्हांस असे नको, कारण सांग, असे तो बजावतो. माझ्या मते चित्रपटाचा कळस येथे आहे. ‘नाही’लाही कारण द्यावे लागते, नुसत्या कंटाळ्याचा ‘नाही’ हा घाईच्या ‘होय’चाच भाऊ.

कायद्याच्या जाणकारांनी या चित्रपटातील एक दोष दाखविला आहे व तो खरा आहे. आठवा पंच बाहेर फिरून तसाच चाकू विकत घेऊन येतो. पंचाने असा स्वतंत्र तपास करणे नियमाबाहेरचे आहे. शिवाय मुलाने खून केला नव्हता, असे चित्रपट कोठेच सांगत नाही. पण तेच त्याचे बळ आहे. शंका उरली तर शिक्षा नाही, हे तत्त्व खऱ्या खुन्याला पकडून देऊन सिद्ध करण्याचा सोपा मार्ग लेखकाने घेतला नाही.

हा चित्रपट पाहताना महाराष्ट्रातील माणसाला १९०८ सालची मुंबई आठवल्यावाचून राहत नाही. केसरीतील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात १३ जुलैपासून चालला. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. १८९७च्या खटल्यात याच दावरांनी वकील या नात्याने टिळकांच्या जामिनाचे काम चालविले होते. ज्यूरीत नऊ जण : सात युरोपियन, दोन पारशी. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि त्यांचे भाषण दिवसानुदिवस चालले. २२ जुलैच्या रात्री ज्यूरी परतली. सात जण ‘दोषी’ म्हणाले, दोघे ‘निर्दोष’. अमेरिकेतील त्या खोलीत एका ‘नाही’ने बारा जणांचे काम अडले, मुंबईत दोन ‘नाही’ असूनही काही अडले नाही, कारण तेथे बहुमत पुरेसे होते. न्यायमूर्तींनी ते मान्य केले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली.

मग तो ‘नाही’ न्यायालयाबाहेर गेला. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला, तो सहा दिवस चालला : वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसे मेली. ज्यांना ज्यूरीत बसण्याचा अधिकार कोणी देणार नव्हते, त्यांनी आपले मत रस्त्यावर नोंदविले. नियमांनी ज्या ‘नाही’ला आत जागा ठेवली नाही तो बाहेर प्रकट होतो, एवढा धडा त्यातून घ्यावा. संप मोडला तरी नोंद राहिली. पुढे १९५६ साली त्याच न्यायालयात, त्याच दालनाबाहेर, टिळकांचे उद्गार कोरलेली शिला मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते बसविण्यात आली.

आपल्याकडे ज्यूरी पुढे राहिली नाही. १९५९ सालच्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. ते न पटल्यामुळे न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले व तेथे शिक्षा झाली. या एका खटल्याने ज्यूरी गेली असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक विधी आयोगाने त्यापूर्वीच, १९५८ साली, ती बंद करावी अशी शिफारस केली होती. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तिला कायमचा निरोप दिला. त्या नानावटी ज्यूरीतला एकटा नववा पंच मात्र मला नेहमी आठवतो. बाहेर शहरभर आरोपीचा जयजयकार चालू असता तो ‘दोषी’ म्हणाला. एकट्याचे मत नेहमी दयेच्याच बाजूस असते असे नाही. ते स्वतःचे असले पाहिजे, एवढेच.

ज्यूरी नसली की सारा भार न्यायाधीशावर येतो. तो न्यायाधीशच ‘नाही’ म्हणावयाचे विसरला तर काय होते, हे स्टॅन्ली क्रेमर यांच्या ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ (१९६१) या चित्रपटाने दाखविले. त्याचा आधार १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे चाललेला खटला. त्यात आरोपीच्या जागी होते जर्मनीतील न्यायाधीश आणि न्यायखात्याचे अधिकारी. एकंदर सोळा आरोपी. एकाने आत्महत्या केली, एकाचा खटला आजारामुळे सुटा झाला. उरलेल्यांपैकी दहा दोषी ठरले, चौघे सुटले. या माणसांनी स्वतः बंदूक हाती धरली नव्हती. त्यांनी निकालपत्रांवर सह्या केल्या होत्या.

चित्रपटातील मुख्य आरोपी यानिंग (बर्ट लँकॅस्टर) हा गावगुंड नाही. तो विद्वान आहे, कायद्याच्या पुस्तकांचा कर्ता आहे, आणि म्हणूनच भयंकर आहे. एका वृद्ध ज्यू गृहस्थाला जर्मन मुलीशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून मृत्युदंड देणारा खटला त्याच्यापुढे चाललेला असतो. हा प्रसंगही कल्पनेतला नाही. १९४२ सालचा कात्सेनबेर्गर खटला त्याच्या मागे आहे. शेवटी तुरुंगात यानिंग अमेरिकन न्यायाधीशाला (स्पेन्सर ट्रेसी) सांगू पाहतो की लक्षावधी लोक मारले जातील अशी आपणास कल्पना नव्हती. त्यावर म्हातारा न्यायाधीश म्हणतो ते एवढेच की, निर्दोष आहे हे ठाऊक असताना पहिल्या माणसाला मृत्युदंड दिलात तेव्हाच ते घडून चुकले होते. ज्या दिवशी पहिला ‘नाही’ राहून गेला त्या दिवशी पुढचे लाख ‘होय’ लिहिले गेले.

चित्रपट येथे थांबत नाही. बचावाचा वकील (मॅक्सिमिलियन शेल, या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळाले) विचारतो की हिटलरशी करार करणाऱ्या, त्याची वाहवा करणाऱ्या बाहेरच्या जगाचे काय? आणि शिक्षा झालेले लोक थोड्याच वर्षांत मोकळे सुटतील, असेही तो न्यायाधीशाला बजावतो. खरोखर तसेच घडले. आपल्याच बाजूला अवघड प्रश्न विचारण्याचे धैर्य ज्या चित्रपटात असते तो प्रचारपट होत नाही.

हिंदी पडद्यावर न्यायालय फार जुने आहे. ‘आवारा’ (१९५१) मध्ये न्यायाधीश बापालाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले, तर बी. आर. चोप्रांच्या ‘कानून’ने (१९६०) एकही गाणे न घालता खटला रंगवून दाखविला. ‘दामिनी’ने (१९९३) तारखांवर तारखा पडण्याचा संताप असा बोलून दाखविला की ते भाषण लोकांना पाठ झाले. हे सर्व चित्रपट आपापल्या जागी चांगले. पण त्यांतील न्यायालय हे वक्तृत्वाचे न्यायालय आहे. व्हरांड्यात बसणाऱ्यांना माहीत असलेले न्यायालय निराळे. ते पडद्यावर आले २०१४ साली, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या मराठी चित्रपटात. हा त्यांचा पहिलाच मोठा चित्रपट. त्याला व्हेनिसला सन्मान मिळाला व पुढे उत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिकही.

लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा की त्यांच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी शाहिराची ही भूमिका केली. २०२१ साली ते करोनाने गेले. खटला मुंबईच्या सत्र न्यायालयात चालतो. आरडाओरडा नाही. सरकारी वकीलबाई कायद्याची कलमे एका सुरात वाचतात, न्यायाधीश साक्षीदाराचे उत्तर आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, कोणी आले नाही की पुढची तारीख. एका बाईने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून तिचे काम पुढे ढकलले जाते. येथे कोणीही दुष्ट नाही. वकीलबाई संध्याकाळी लोकलने घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाक करतात. तुमच्या-आमच्यासारखीच माणसे, आणि त्यांच्या हातून एक म्हातारा तुरुंगात कुजत राहतो.

मग मृत कामगाराची विधवा साक्षीला येते. तिला विचारतात, ती सांगते. नवरा काही साधनांशिवाय गटारात उतरत असे. आधी खडा टाकून पाही. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजे. घाण सहन व्हावी म्हणून दारू पिऊन उतरे. एक डोळा त्या कामातच गेला होता. ती रडत नाही, आरोप करीत नाही. तिला काम हवे आहे. या साध्या उत्तरांनी आत्महत्येचा सारा डोलारा कोसळतो, कारण माणूस गाण्याने मेला नाही, गटारातल्या वायूने मेला. पण पाहा, त्या खटल्यात आरोपी कोण आहे? शाहीर. त्याला गटारात उतरविणारा मुकादम नाही, ठेकेदार नाही, पालिका नाही. कोणाला पिंजऱ्यात उभे करावयाचे हे ठरले तेथेच अर्धा निकाल लागतो, ही गोष्ट इतक्या शांतपणे सांगणारा दुसरा चित्रपट मला ठाऊक नाही.

आणि ही कल्पित कथा नव्हे, हे आपण जाणता. सुरक्षा साधनांवाचून माणसाला गटारात उतरविण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे. मृतांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. न्यायालय ‘नाही’ म्हणाले आहे, स्पष्ट म्हणाले आहे. तरी माणसे उतरतच आहेत आणि मरतच आहेत. याचा अर्थ असा की न्यायालयाचा ‘नाही’ तेवढा पुरत नाही. तो मुकादमाच्या, ठेकेदाराच्या आणि आपल्या गल्लीचे गटार तुंबले की कोणाला तरी बोलवा म्हणणाऱ्या आपल्या सर्वांच्या तोंडी यावा लागतो.

तेव्हा या चित्रपटांचे मोठेपण कशात, या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. ते आपणांस प्रेक्षकाच्या खुर्चीवरून उठवून पंचाच्या बाकावर बसवितात. निकाल काय लागला यापेक्षा तो लागताना कोणाचे ऐकले गेले, कोणाचे ऐकले गेले नाही आणि कोणाला घाई होती, हे पाहावयास शिकवितात. आणि हे पाहणे एकदा अंगवळणी पडले की ते चित्रगृहाबाहेरही सुटत नाही. कारखान्यातील खातेचौकशी असो, सोसायटीची सभा असो की घरातील भांडण असो. सर्वांचे एकमत फार लवकर होऊ लागले की मनात शंका उभी राहते.

ज्यूरी गेली, तरी आपल्या देशातील न्यायालयांचे दरवाजे सर्वसाधारणपणे जनतेस खुले आहेत. मागील बाके आपल्यासाठीच ठेवलेली असतात आणि ती बहुधा पक्षकारांच्या नातेवाइकांखेरीज रिकामी असतात. माझी आपणांस विनंती एवढीच की चित्रपट जरूर पाहा, पण वर्षातून एखादा दिवस आपल्या गावच्या न्यायालयात जाऊन त्या बाकावरही बसा. कोणाची बाजू घ्यावयास नव्हे, ऐकावयास. कोणी ऐकत आहे हे समजले की बोलणारा जपून बोलतो, लिहिणारा जपून लिहितो, आणि ज्याला ‘नाही’ म्हणावयाचे आहे त्याला थोडा धीर येतो.